दोन मिनिटांनंतरचा फेस

"अर्धं मिनिट!" घड्याळावर नजर ठेवून भीमराज ओरडला. हाताखालच्या म्हाताऱ्या लखीरामने फळीने टाकीवरचा काळा फेस पहिल्या ताटात ओढला. "एक!" दुसरं ताट. मग दोन, चार, आठ.

वणीजवळच्या एका खाणीवर, पत्र्याच्या शेडमध्ये, कोळशाच्या भुकटीची चाचणी चालली होती. पाण्यात तेलाचे थेंब टाकून खालून हवा सोडली की कोळसा बुडबुड्यांना चिकटून वर येई, माती खाली राही. किती आला यापेक्षा किती वेळात किती आला, हे भीमराजला हवं होतं. म्हणून प्रत्येक वेळेचं ताट वेगळं.

भीमराज शेडमधला एकटा बी.एस्सी. मागच्या दसऱ्याला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेला. त्याने धर्म बदलला, पण इथल्या माणसांनी त्याची जात काही सोडली नव्हती. साहेब म्हणत, सांगितलेलं काम चोख करत, आणि भाकरी सोडायला पार पलीकडच्या कडुनिंबाखाली जात. खाणीचं पाणी खारट, म्हणून भीमराज रोज सायकलवरून नदीचं गोडं पाणी आणून माठ भरी. "प्या, थंड आहे," असं सगळ्यांना सांगून बघितलं. संध्याकाळी तो भरला माठ त्यालाच झाडाला ओतावा लागे. तेवढी वेळ फार वाईट जाई.

मग एका सोमवारी माठ अर्धा झाला. मंगळवारीही. भीमराज लहान पोरासारखा हरखला. नदीच्या दोन खेपा करू लागला. वणीच्या बाजारातून नवा पितळी गडवा आणून माठावर ठेवला. राळेगावला बायकोला, सत्यशीलेला, पत्र टाकलं: इथली माणसं आता माझ्या माठातलं पाणी पितात. कोण पितं, हे मात्र त्याने बघितलं नाही. उगाच कुणाला ओशाळं कशाला करा?

त्याच आठवड्यात आकडे बिघडले. दोन मिनिटांपर्यंतची ताटं अगदी बरोबर. पुढे कोळसा एकदम सुस्तावे. सगळा फेस एकत्र तोलला असता तर फरक जेमतेम कळला असता. वेगवेगळ्या ताटांनी चुगली केली. तीन दिवस भीमराज डोकं धरून बसला. तेल तेच, हवा तीच, भुकटी तीच.

राहिलं पाणी. टाकी भरायची ती खाणीच्याच पाण्याने. फेस ओढून टाकीतली पातळी उतरली, की दोन मिनिटांच्या ताटानंतर लखीराम वरून पाणी घाली. खाणीच्या खाऱ्या पाण्यात कोळसा भराभर वर येतो आणि गोड्या पाण्यात रेंगाळतो, हे भीमराजला चांगलं ठाऊक होतं.

त्याने माठाकडे बघितलं. विचारूच नये, असं त्याला फार वाटलं. तरी विचारलं.

"लखीरामभाऊ, वरून पाणी कुठलं घालता?"

"तुमच्या माठातलं, साहेब." म्हातारा मोकळेपणाने हसला. "खाणीच्या पाण्याचं पिंप तिकडं उन्हात हाय. अन् तुमचं तं कोणी पेतच नाही. कायले रोज झाडाले ओतता?"