बाह्या बाकी आहेत

मंगळवारी दुपारी चार वाजता शिंप्याने थोरल्या भावाला माफ केलं. पण तूर्तास हे झालंच नाही असं समजू. तीन वाजता तोही तसंच समजत होता.

तीन वाजता तो आपली पांढऱ्या सदरा-लेंग्याची जोडी इस्त्री करत होता. प्रभू स्वर्गातून परत येईल त्या दिवशी घालायची जोडी. तिला दर मंगळवारी इस्त्री व्हायची आणि दर दोन वर्षांनी कमरेत उसवावी लागायची, कारण प्रभूला उशीर होत होता आणि शिंपी जेवणाला उशीर करत नव्हता. गिऱ्हाइकांच्या पावतीवरही तो तारखेखाली लिहायचा, ‘तोवर प्रभू न आल्यास’. एका नवरदेवाने काळजीने विचारलं होतं, आलाच तर ट्रायल कुठे द्यायची.

दाराआड खुंटीला बिनबाह्यांचा राखाडी कोट होता. थोरल्याचा. नऊ वर्षं तसाच. दोघांत कोण चुकलं होतं हे आता दोघांनाही आठवत नव्हतं. बोलायचं नाही, एवढं मात्र पक्कं लक्षात होतं.

काजं करता करता बायकोने सांगितलं की मोठ्या भाऊजींचं शनिवारी ऑपरेशन आहे, डॉक्टर फारसं बोलत नाहीत, आणि भाऊजींनी निरोपात कोट झाला का एवढंच विचारलंय. शिंपी म्हणाला, माप वहीत आहे, बघू सवडीने.

तिने दाताने दोरा तोडला. “अहो, नऊ वर्षांत तुमची कंबर कुठल्या कुठे गेली, त्यांचं माप तेवढं वहीत थांबलं होय? आणि उद्या प्रभू आला, म्हणाला भावाचा कोट दाखव, तर काय ही इस्त्री दाखवणार?”

शिंप्याने इस्त्री उभी केली. गळ्यात टेप होतीच.

दोन गल्ल्या सोडून थोरल्याने दार उघडलं. टेपकडे बघितलं.

“लवकर आलास,” तो म्हणाला, आणि दारातच दोन्ही हात आडवे केले.

दंड काठीसारखे झाले होते. टेप दोनदा निसटली. तिसऱ्यांदा शिंप्याने माप घेतलं, आणि मग टेप तशीच धरून बराच वेळ उभा राहिला. चार वाजले होते.

पावती त्याने गुडघ्यावर ठेवून लिहिली. ‘शुक्रवारी मिळेल. तोवर प्रभू न’ इथवर पेन्सिल आली आणि थांबली. त्याने ती ओळ खोडली, खाली लिहिलं:

‘प्रति, प्रभू. अर्जदाराच्या भावाच्या कोटाच्या बाह्या बाकी आहेत. तरी आपले आगमन शुक्रवार सायंकाळपर्यंत पुढे ढकलण्यात यावे, ही नम्र विनंती.’