निळी तीट

अंगणवाडीतल्या नर्सबाईंनी रेवाच्या गालावरचं काजळ पुसलं. खालची, प्रत्येक बाळाला जन्मतःच लावली जाणारी सरकारी तीट निळीशार झाली होती. मूल हाकेला वळेनासं झालं की ती निळी पडते आणि स्वमग्नतेची तपासणी करायची, हे घरोघरी ठाऊक होतं.

“कधीपासून लपवताय?” त्यांनी विचारलं.

“आमच्या घराण्यात असलं नाही,” वृंदाच्या सासूबाई तडकल्या. “हिच्या माहेरचं असेल.”

“काजळ तर तुम्हीच फासलंत!” वृंदा ओरडली. “पोरीचं वर्ष खाल्लंत, आई!”

नर्सबाईंनी कापूस न्याहाळला. “वरचा थर घरच्या काजळाचा. खालचा काजळ-पेन्सिलीचा.”

वृंदाने पर्स घट्ट आवळली.

“म्हणजे माझ्याही आधी तुला कळलं होतं!” सासूबाई म्हणाल्या.

वर्षभर चारचौघांत टाळलेली हाक वृंदाने अखेर मारली. “रेवा!”

रेवा वळली नाही.