तक्त्यात नसलेली वायर

“मॅडम, आमचं नेट भिंतीवरच्या डब्यापर्यंत अगदी फर्स्टक्लास येतंय. पुढचं कॉम्प्युटरवाल्यांना विचारा,” असं म्हणून नेटवाल्याने फोन ठेवला. कॉम्प्युटरवाला तर सकाळीच सांगून मोकळा झाला होता, की मशीन ठणठणीत आहे, नेटवाल्याला धरा.

शाळेच्या संगणक शिक्षिका मेश्राम मॅडमचं डोकं सणकलं. नऊ मुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज राहिले होते, मुदत आज पाचपर्यंत, आणि साडेतीन वाजून गेले होते. त्या तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या. आपल्या कॉम्प्युटरवर क्रिकेटचा स्कोअर बघत सर नेहमीचंच बोलले, “अहो, कुणी काय बघायचं याचा तक्ता लावलाय ना भिंतीला? तक्त्यात बघा!”

तो तक्ता जूनमध्ये सगळ्यांच्या सह्यांनिशी झाला होता. डबा नेटवाल्याचा, मशीन कॉम्प्युटरवाल्याचं, पासवर्ड मॅडमकडे. मॅडम लॅबमध्ये परतल्या आणि पदर खोचून टेबलाखाली शिरल्या. डब्यापासून मशीनपर्यंत येणारी वायर उंदरांनी कुरतडली होती. आणि तक्त्यात ती वायर कुणाच्याच नावावर नव्हती.

सर दहावीच्या तासाला गेल्याबरोबर मॅडमनी त्यांच्या खोलीतली नेटची वायर उपसली आणि लॅबमध्ये आणून जोडली. नेट आलं. अर्ज भराभर जाऊ लागले.

मॅडम शेवटचा अर्ज भरत असताना सर दारात येऊन उभे राहिले. “मॅडम, माझं नेट गेलंय हो! आता कुणाला फोन करू?”

मॅडमनी स्क्रीनवरून नजरही हलवली नाही.

“तक्त्यात बघा, सर.”