कुशाबाईंचं पारणं

“वाहत्या पाण्यातच सोडा, बाई. आन् सोडला की मला येऊन सांगा. तवर मी जेवायची न्हाय.”

कन्हेरीचा फाटा ओलांडल्यापासून कुशाबाईंचे हे शब्द राजेश्वरीच्या कानात होते. आता ती त्यांच्या उंबऱ्यात उभी होती आणि काय सांगायचं ते तिचं अजून ठरत नव्हतं.

बारामतीच्या एका संस्थेत ती शाळांचं पर्यावरणाचं काम बघायची. बारामती-इंदापूरकडच्या शाळा ठरवायच्या, शिक्षकांची शिबिरं घ्यायची, मुलांच्या तोंडून घराघरात चार गोष्टी पोचवायच्या. यंदा विषय पाण्याचा होता. कुशाबाईंच्या वस्तीला पिण्याची विहीर एकच, आणि दर वर्षी सगळे गणपती तिच्यातच जायचे. मग पाण्यावर रंगाचा तवंग यायचा, पोरांची पोटं बिघडायची. म्हणून यंदा मुलांनी मूर्ती शाळेत आणायच्या, संस्थेच्या ट्रॅक्टरनं त्या कालव्यावर न्यायच्या, असं ठरलं. घरोघर जाऊन शब्द राजेश्वरीनंच दिला होता.

कुशाबाई काही केल्या तयार नव्हत्या. देव पाण्याला लागेपर्यंत थोरल्या बाईनं अन्न घ्यायचं नाही, ही त्यांच्या घरातली रीत. मेंढरं होती तेव्हापासूनची. अशा वेळी देव परक्या हाती कसा द्यायचा? पण सातवीतली नात, वैष्णवी, हटून बसली. शाळेत येणाऱ्या या बाईंनी सांगितलंय म्हणाली, बाई खोटं बोलत नाहीत म्हणाली. शेवटी म्हातारीनं शाडूची ती लहानशी मूर्ती राजेश्वरीच्या ओंजळीत ठेवली.

चतुर्दशीला ट्रॅक्टर भरला आणि निरोप आला की वर कुठंतरी भराव खचलाय, कालवा बंद केलाय. मूर्ती संस्थेच्या कोठीत गेल्या, खताच्या पोत्यांशेजारी. पाणी आज सुटेल, उद्या सुटेल, असं करता करता पितृपक्षाचेही तीन दिवस गेले. राजेश्वरी रोज कोठीत उदबत्ती लावायची आणि दार ओढून घेताना मान वर करायची नाही. नदीवर तरी नेऊ या, असं तिनं कार्यक्रमप्रमुख युवराजसरांना दोनदा सुचवलं. ट्रॅक्टर रोपांच्या कामाला गेलाय, म्हणाले. वस्तीवर झालं म्हणून सांगून टाका. मूर्ती अशा पडल्यात हे कळलं तर पुढल्या वर्षी सगळे गणपती पुन्हा विहिरीत जातील आणि एकही शाळा आपल्याला दारात उभं करणार नाही. यात त्यांचं काही चुकत होतं असंही तिला म्हणता येईना.

सकाळी डेअरीच्या गाडीबरोबर निरोप आला. म्हातारी कोऱ्या चहावर आहे, आता उठवत नाही. आणि आजी जेवत नाही म्हणून पोरीनंही अन्न सोडलंय.

“आल्या बघा तुमच्या पाण्याच्या बाई,” कुशाबाईंची सून जयवंता आत बघत म्हणाली. तिनं राजेश्वरीला बस म्हटलं नाही.

कुशाबाई घोंगडीवर पडून होत्या. वैष्णवी भिंतीला टेकून बसली होती. तिचे ओठ सुकले होते. राजेश्वरीला बघून ती तेवढी सरळ झाली.

“लागला का देव पाण्याला?” कुशाबाईंनी विचारलं.

राजेश्वरीनं कधी सोमवार सोडला नव्हता. स्तोत्र म्हटल्याशिवाय ती सकाळी तोंडात पाण्याचा थेंब घालत नसे. देवाच्या नावानं खोटं बोलायचं नाही, एवढं एक तिनं आजवर सांभाळलं होतं. तिनं पोरीकडे पाहिलं.

“लागला, आजी.”

“कालव्याला?”

“हो. कालव्याला.”

कुशाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “जयवंता, वाढ. पोरीला बी वाढ.”

त्यांनी दुधात कुस्करलेली भाकरी दोन बोटांनी तोंडात घातली. ते पाहून वैष्णवीनं ताट ओढलं. पहिला घास अडखळला, मग ती भराभरा जेवू लागली. जयवंतानं डोळ्यांना पदर लावला आणि ती आणखी भाकरी करायला चुलीकडे गेली. राजेश्वरीला वाटलं, झालं ते बरंच झालं. तरी तिला तिथं बसवेना.

पोरगी हात धुवायला बाहेर गेली. कुशाबाईंनी ताट बाजूला सारलं आणि राजेश्वरीला जवळ बोलावलं.

“माझा भाचा कालव्यावर पाटकरी हाय, पाणी त्योच सोडतो,” त्या हळूच म्हणाल्या. “त्यात पाणी न्हाय, हे मला चतुर्दशीलाच कळलं. पण तू तरी जेव म्हटलं, तर पोरगी माझं कुठं ऐकती? तिला तुमचाच शब्द पायजे हुता.”



उशाखालून कुशाबाईंनी एक पुरचुंडी काढली. पोहे आणि गुळाचा खडा, निघताना देवाबरोबर द्यायची शिदोरी. ती त्यांनी तिच्या हातावर ठेवली आणि वरून तिची मूठ मिटली.

“पोरीसाठी मी माझा उपास मोडला, बाई. आता त्यो तुमी धरा.”

राजेश्वरी वाकून त्यांच्या पाया पडली. कालवा बंद असला तरी नीरा नदीला पाणी होतं. कुशाबाईंचा गणपती आधी मांडीवर घेऊन एसटीनं न्यायचा, मग बाकीचे, जमतील तसे, एकेक करून. युवराजसरांना विचारायला ती थांबणार नव्हती.

ती अंगणात आली. जयवंता गरम भाकरी घेऊन मागून आली. तिचा आवाज आता मऊ झाला होता. “राग मानू नका, बाई. दोन घास खाऊन जावा.”

राजेश्वरीनं हात जोडले, पुरचुंडी पदराआड घेतली आणि ती उपाशीच फाट्याच्या दिशेनं चालू लागली.