टिकलीचा फेरा

टिकली सकाळपासून डावीकडेच फिरत होती. मान एका अंगाला कललेली, डोळे अर्धे मिटलेले. समोर दगड आला तरी तिला दिसत नव्हता. येडशीच्या माळावर दुपारचं ऊन थरथरत होतं. त्यात गोल गोल फिरणारी ती काळी मेंढी जमिनीवर आहे की उन्हातच तरंगते आहे, हे सिताबाईला नीट कळेना. बघता बघता तिचेही डोळे जड झाले.

सिताबाईच्या घरात याला आजार म्हणत नसत. देवाचा फेरा म्हणत. कळपातली एखादी मेंढी अशी प्रदक्षिणा घालायला लागली, की ती नळदुर्गच्या खंडोबानं मागितली, असं सासूनं तिला लग्नाच्या वर्षीच सांगून ठेवलं होतं. मग त्या मेंढीला कुणी विकत नसे, कापत नसे. तिच्या कपाळाला भंडारा लागे, वाटेनं जाणारी माणसं पाया पडून पुढं जात. ती आपसूक मेली की धड मातीत पुरायचं आणि मुंडकं घरच्या बाईनं आपल्या हातानं कुत्र्याला घालायचं. कुत्रा खंडोबाच्या पायाशी बसतो, त्याच्या तोंडून ते देवाला पोचतं. दर साल एखादी तरी मेंढी अशी जायचीच. दुसऱ्या कुणाच्या कळपाकडं देव एवढ्या वेळा फिरकत नाही, याचा सिताबाईला आतून अभिमान होता.

पण देव टिकलीला मागेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आई मेलेलं ते कोकरू तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं, तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. टिकली जायला नको होती. बस्स, एवढी एक राहू दे. देवाला तिनं मनातल्या मनात दुसऱ्या दोन मेंढ्या देऊन पाहिल्या. टिकलीचा फेरा काही थांबला नाही.

म्हणून मेंढ्यांना लस टोचायला आलेल्या राजेश्वरी डॉक्टरीणबाईंपुढं तिनं हात जोडले. बाईंनी टिकलीचं डोकं धरून कपाळाचं हाड अंगठ्यानं दाबून पाहिलं. ते एके जागी मऊ लागलं. उशीर झाला, त्या म्हणाल्या. मेंदूत पाण्याची पिशवी वाढली आहे, ही काही वाचायची नाही. मग त्यांनी पेटीतून प्राझिक्वांटेल नावाची जंताची गोळी काढली आणि कळप राखणाऱ्या भुऱ्या कुत्र्याकडं बोट दाखवलं. ही त्याला द्या, म्हणाल्या.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला. सिताबाईला हसावं की रडावं कळेना. एवढं शिकून या बाईला मेंढी कुठली आणि कुत्रं कुठलं तेसुद्धा उमगू नये, असं काहीबाही ती पुटपुटली. डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं, पण त्या रागावल्या नाहीत.

"मावशी," त्यांनी विचारलं, "फिरून मेलेल्या मेंढीचं मुंडकं तुम्ही कुणाला घालता?"

सिताबाईनं सांगितलं. ताठ मानेनं सांगितलं. तेव्हा बाई तिथंच मातीत बसल्या आणि लेकराला गोष्ट सांगावी तशा हळूहळू सांगू लागल्या. मेंढीच्या डोक्यातल्या त्या पिशवीत जंताची पिल्लं असतात. कुत्र्यानं मुंडकं खाल्लं की त्याच्या पोटात त्यांचे लांबलचक पट्ट्यासारखे जंत होतात. जंताची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर पडतात. ते गवत मेंढी चरते, आणि तिच्या डोक्यात पुन्हा तशीच पिशवी धरते. गोळीनं भुऱ्याच्या पोटातले जंत मरतील. दोन दिवस त्याला बांधून ठेवा आणि त्याची घाण जाळून टाका. पण पुढचं मुंडकं त्याच्या तोंडी पडलं, तर या गोळीचा काही उपयोग नाही.

सिताबाईनं गोळी पदराच्या गाठीला बांधली, पण दिली नाही. चार बुकं शिकलेल्या बाईला देवाचं काय कळणार, असं तिनं स्वतःला दोनतीनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना टिकली फिरता फिरता खाली बसली, ती उठलीच नाही. तिचं डोकं मांडीवर घेऊन सिताबाई ओक्साबोक्शी रडली. तिच्या नवऱ्यानं, रामलिंगनं, सगळं रीतीप्रमाणं केलं. खड्डा खणला, धड आत ठेवलं, मुंडक्याला भंडारा लावून ते सिताबाईच्या हातात दिलं. भुऱ्या दर वर्षीसारखा तिच्यापुढं येऊन बसला आणि शेपूट हलवू लागला.

सिताबाईच्या पायाखालचा माळ हळूच फिरायला लागला. पिवळ्या उन्हात आजवर गेलेल्या त्या सगळ्या दिसू लागल्या. कानफाटी, पांढऱ्या पायांची, पहिल्यांदाच गाभण राहिलेली, अजून कितीतरी. एकीमागं एक, डावीकडं, आवाज न करता. मधोमध ती स्वतः उभी होती, हात पुढं केलेली. एकही मेंढी तिच्याकडं रागानं बघत नव्हती, आणि त्याचंच तिला जास्त भय वाटलं.

तिनं हात मागं घेतला. मुंडकं धडाशेजारी खड्ड्यात ठेवलं. पदराची गाठ सोडली, दुधात भिजवलेल्या भाकरीच्या घासात गोळी दडवून ती भुऱ्याला चारली आणि त्याला बाभळीला बांधलं.

"देवाचा वाटा हाय त्यो," रामलिंग कसाबसा म्हणाला. "देव कोपंल."

सिताबाई दोन्ही हातांनी खड्ड्यात माती लोटत राहिली.

"देवानं एकबी न्हेली न्हाय," ती म्हणाली. "समद्या म्याच मारल्या. ह्या हातानं, पाया पडून."