शिंपल्यांचा रकाना

“बूट एक. डावा,” सासऱ्याने आरोळी दिली.

सुनेने पॅडवरच्या कागदावर रेघ मारली. दोन खांबांमधली शंभर मीटर वाळू या दोघांची. महिन्यातून एकदा, ओहोटीच्या वेळी, लाटांनी आणून टाकलेली घाण म्हातारा वेचायचा आणि ती टिपून घ्यायची. बाटल्या, झाकणं, दोरांची भेंडोळी, दात घासायचे ब्रश. पुकारलं ते लिहायचं, नाही पुकारलं ते नाही. कामाची पद्धतच तशी होती.

किनाऱ्यावरच्या कचऱ्याची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत जाऊन हे काम तिनेच मागून घेतलं होतं. नवऱ्याची बोट बेपत्ता होऊन चौदा महिने झाले होते. तिचा भाऊ तिसऱ्यांदा न्यायला आला होता, आणि चौथ्यांदा येणार नाही असं बजावून घरी बाहेरच्या खोलीत बसला होता. तिचं उत्तर ठरलेलं. “त्यांची एक खूण तरी मिळू दे. मग येईन.” आशा मेली मोठी चिवट. स्वतः खायला काही मागत नाही, पण माणसाला पार खाऊन टाकते.

“बोया एक!”

म्हाताऱ्याचा आवाज चिरकला, तशी ती धावली. जाळं तरंगत ठेवणारा केशरी गोळा होता तो. त्यावर तापलेल्या सळईने डागलेला मासा. कोणी ढापू नये म्हणून तिचा नवरा आपल्या प्रत्येक बोयावर असाच मासा डागायचा.

ती मटकन वाळूत बसली आणि पोटातून रडली. सासरा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

“आता जा पोरी, भावाबरोबर. माझं काय, माझ्या गोवऱ्या कधीच मसणात गेल्यात. तुझं अख्खं आयुष्य पडलंय.”

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि पेन्सिल उचलली. हाताला सवयच तशी लागली होती. वस्तू: बोया. रंग: केशरी. शेवटचा रकाना शिंपल्यांचा. समुद्रात महिनोन्महिने राहिलेल्या वस्तूवर टणक, पांढऱ्या शिंपल्यांचा थर चढतो. तो बघून वस्तू किती दिवस पाण्यात होती ते ठरतं. हा रकाना ती स्वतःच बघून भरायची. तो कधी पुकारावा लागत नव्हता, म्हणून म्हाताऱ्याच्या ध्यानातही नव्हता. इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

तिने बोया उलटा केला. शिंपली औषधालाही नाही. माशावरून बोट फिरवलं, तर बोटाला काजळी लागली. सगळी सोंगं आणता येतात, समुद्राचं आणता येत नाही.

“मामंजी, हा आपल्या घरातला कोरा बोया. तुम्ही डागलात.”

म्हाताऱ्याने मान खाली घातली. आता ही आपल्यावर तुटून पडणार, असं त्याला वाटलं. पण सून हसली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा ती अशी हसली.

“काय हो हे! मला मोकळं करायला एवढा खटाटोप? केवढं घाबरवलंत मला! म्हणजे अजून खूण मिळालेलीच नाही. उद्या ते दारात येऊन उभे राहिले, तर काय तोंड दाखवलं असतं आपण?”

“नाही येणार तो.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

म्हातारा पलीकडच्या खांबाकडे बघत राहिला.

“या कामाच्या पहिल्याच महिन्यात आलं होतं. त्याचं लाइफ जॅकेट. तू त्या खांबापाशी झाकणं मोजत होतीस. पट्टे सगळे बांधलेले होते गं, आणि आत कोणी नव्हतं. माझ्याच्याने पुकारवलं नाही. दिलं परत पाण्यात ढकलून. वाटलं, मी पुकारलं नाही तर तो गेलाच नाही.”

तिचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं. थुंकावं, की या म्हाताऱ्याला पोटाशी धरावं, तिला कळेना. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. वर्षभराचे कागद त्याच पॅडला लावलेले होते. वाऱ्यात फडफडणारे ते कागद तिने एकेक करून उलटले, अगदी पहिला येईपर्यंत. त्यातली एक कोरी ओळ शोधली आणि पेन्सिल टेकवली.

“पुकारा, मामंजी,” ती म्हणाली.