तात्याबांची चावी

माणूस या जगात रिकाम्या हाताने येतो आणि रिकाम्या हातानेच जातो. वरकुट्याचे तात्याबा मात्र जाताना गाडीची चावी घेऊन गेले.

त्यात त्यांचा दोष नव्हता. ते घराबाहेर पडायला निघाले की सदऱ्याच्या खिशात चष्मा, रुमाल आणि चावी घालायची, हा बायकोचा, लीलाबाईंचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. शेवटच्या दिवशी नवा सदरा चढवल्यावरही लीलाबाईंनी तेच केलं. रडारडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. सावडायच्या दिवशी राखेत चावीचं पातं तेवढं सापडलं. प्लॅस्टिकचं डोकं, ज्यातली चिप ओळखल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, ते तात्याबांसोबत गेलं होतं. गाडी जुनी घेतलेली. दुसरी चावी कधी नव्हतीच.

तेव्हापासून लीलाबाई डायलिसिसला मुलाच्या, सौरभच्या मोटारसायकलवरून बारामतीला जात होत्या. मागच्या खेपेला येताना त्या दोनदा उतरून बांधावर बसल्या. दुसऱ्यांदा सौरभला वाटलं, आता आई उठत नाही. शोरूमवाल्याने सगळा संच बदलायचा जो खर्च सांगितला, त्यात दावणीला एक दुभती गाय आली असती. म्हणून आज एमआयडीसीजवळचा चावीवाला रविराज लॅपटॉप पाठीला बांधून दारात आला होता.

“हरवली कुठं चावी?” त्याने विचारलं.

“हरवली न्हाय,” सौरभ म्हणाला. “आबा घेऊन गेले.”

“मग आबांना फोन लावा की! उगं कशाला खर्चात पडताय?”

रविराजने सौरभच्या डोक्याकडे पाहिलं. मुंडण केलेल्या डोक्यावर नुकते कुठं केस फुटत होते. रविराजने आपली टोपी काढून खिशात कोंबली.

पात्यावरून त्याने छोट्या मशीनवर नवी चावी कापली. पात्याची काजळी बोटांना लागली, ती त्याने पुसली नाही. मग स्टेअरिंगखाली वायर जोडून तो बराच वेळ लॅपटॉपमध्ये बघत बसला.

“काकी, एक इचारायचं हाय. नवी चावी घालायची तर जुनीची नोंद पुसावी लागती. मग गाडी तिला वळखायची न्हाय.”

“म्हंजी त्यांची चालायची बंद हुईल?”

“व्हय.”

“मग ऱ्हाऊ द्या,” लीलाबाई म्हणाल्या. “मी जाईन फटफटीवरनं.”

“आये, तुला बसवत न्हाय फटफटीवर!” सौरभ ओरडला.

“न्हाय बसवलं तर न्हाय बसवलं. माझ्या हातानं दिलीया त्यांना. आता माझ्याच तोंडानं बाद करू?”

रविराज बटणावर बोट ठेवून तसाच बसला.

“थांबा वाईच,” म्हणत लीलाबाई भिंतीला धरून आत गेल्या. आत तात्याबांच्या फोटोपुढे काय बोलणं झालं ते बाहेर ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने त्या पदराने तोंड पुसत उंबऱ्यात आल्या.

“इचारलं,” त्या म्हणाल्या. “न्हाय म्हणाले न्हाईत.”

रविराजने बटण दाबलं. समोरचा लुकलुकणारा लाल दिवा विझला आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

डायलिसिसची वेळ झालीच होती. लीलाबाई पुढे बसल्या. तात्याबांच्या जागेवर सौरभ. काचा बंद होत्या. फाटा मागे पडला. लीलाबाईंनी डोळे मिटले होते आणि त्या सावकाश, खोल श्वास घेत होत्या. सौरभला वाटलं, आई आता रडणार. त्याने गाडी हळू केली.

“सौरभ.”

“काय, आये?”

“काच खाली घे जरा. त्यांच्या तंबाखूचा लई वास येतोय.”